कच्च्या वालाची वाटी

शेगडीचा रेग्युलेटर लडकूने स्वतःच्या हाताने काढला, फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली लेंग्याच्या नाडीला बांधली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बायकोला म्हणाला, "आजपासून या घरात जाळ न्हाय."

कमळ तेव्हा भाकरीचं पीठ मळत होती. तवा नुकताच तापत आला होता.

"आणि हे पीठ?" तिने विचारलं.

"गाईला घाल. गाय तरी तुला शिव्या देणार न्हाय."

लडकूचा सगळा जन्म नारपोलीच्या एका कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात मुकादमीत गेला होता. लूमच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून तो नजरेनेच माणसं हाकायचा. एकाला सगळ्यांसमोर असा उभा करायचा की बाकीचे आपोआप सरळ होत. निवृत्त झाल्यावर कामतघरच्या घरात हाकायला एकटी कमळ उरली. भाकरी गार झाली की ताट सरकवणं, मीठ कमी पडलं की कालवणाची वाटी मोरीत ओतणं, हे तर आधीपासून होतंच. तिला त्याची सवय झाली होती. पाठीला ओझ्याची होते तशी.

मग त्याची साखर वाढली. तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी त्याला अकलोलीला एका शिबिरात पाठवलं. कच्च्या आहाराचं शिबिर. तिथून तो आठवड्याने परतला तेव्हा पोट थोडं आत गेलं होतं आणि तोंड पूर्वीपेक्षा मोठं झालं होतं. शिबिरातल्या सरांनी सांगितलं होतं की शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न, त्याचं विष अंगात साठत जातं. कच्चं खायला लागलं की ते विष बाहेर पडतं. डोकं दुखेल, ओकाऱ्या होतील, गळून जायला होईल, पण भ्यायचं नाही.

लडकूने यातलं आपल्या सोयीचं बरोबर उचललं. विष शिजवलेल्या अन्नाचं. आणि शिजवलं कुणी?

एका सकाळी तो कमळला मुद्दाम तलावावर घेऊन गेला. फिरून दमलेली दहाबारा माणसं कठड्यावर बसली होती. लडकूने तिला त्यांच्यासमोर उभी केली.

"ही आमची मंडळी. लग्न झाल्यापासून मला रोज विष घालते. बघा, चेहऱ्यावरून वाटतं का?"

माणसं हसली. एकजण म्हणाला, "वहिनी, आमच्या हिला पण शिकवा."

"शिकवायला कशाला पाहिजे? यांच्या हातातच असतं," लडकू म्हणाला. मग पुन्हा हसणं झालं. कमळने पदर नीट केला आणि तलावातल्या पाण्याकडे बघत उभी राहिली. हसणं थांबेपर्यंत तिला तिथून हलता येईना.

आता कच्चं खायचं म्हणजे नुसती काकडी मोडून तोंडात टाकायची, असं नव्हतं. सरांनी बजावलं होतं की थाळी समतोल नसेल तर माणूस अंथरूण धरतो. त्यांनी दिलेला तक्ता लडकूने फ्रिजवर चिकटवला. सकाळी फळं. दुपारी अर्धी थाळी पाला आणि कोशिंबिरी, पाव थाळी मोड आलेली कडधान्यं, उरलेल्यात ओलं खोबरं, शेंगदाणे, तीळ. संध्याकाळी पुन्हा तसंच, पण कमी. तक्ता त्याने आणला, पण तो रोज जुळवायचं काम अर्थातच कमळचं.

तिने ते मन लावून केलं. पालक आणला की वर लिंबू पिळायचं, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागतं, हे तिला मुलीने, नेत्राने, फोनवर सांगितलं. एकाच दिवशी सगळंच थंड प्रकृतीचं नको म्हणून ती मुळ्याबरोबर आलं किसायची, खोबऱ्यात मिरी कुटून घालायची. बीट, गाजर, कोबी असे रंग पालटत ठेवायची, म्हणजे बघून तरी खावंसं वाटेल. तिचे स्वतःचे वरचे दात हलत होते. गाजर ती किसणीवर किसून, हातांनी कुस्करून, तोंडात घोळवत गिळायची.

लडकू थाळी उचलून ट्यूबलाइटखाली धरायचा. कापडातला डाग शोधावा तसा एकेक पान उलटून बघायचा.

"हे पान पिवळं हाय."

"कडेला थोडं हाय."

"कडेला थोडं म्हणजे पिवळंच ना? तुला एवढं साधं जमत न्हाय. जाळाच्या आड लपत होतीस इतकी वर्षं. मसाला टाकला की सगळं झाकलं जातं. आता झाक."

भुकेने तिचं पोट पाठीला लागलं. शेजारी शाहीनचं घर होतं. कोकणातून आलेली जुनी मंडळी, मागच्या गाळ्यात चार लूम, आणि घरात दिवसभर काही ना काही रटरटत असायचं. शाहीनने तिला दारातून जाताना पाहिलं आणि हात धरून आत ओढलं.

"भाभी, आरशात बघितलंत का? मय्यत बरी दिसते तुमच्यापेक्षा. बसा. तांदळाची भाकरी गरम हाय, बोंबलाचं सालन हाय."

कमळने खाल्लं. घास घशाखाली उतरताना डोळ्यांत पाणी आलं, ते तिने तिखटावर ढकललं.

त्या संध्याकाळी लडकू दारात म्हणाला, "हात दाव."

तिने हात पुढे केला. त्याने तो नाकाशी नेला, एकेक बोट हुंगलं आणि सोडून दिला. पण रात्री तिला थाळी वाढून घेऊ दिली नाही. "तुझं जेवण झालंय," एवढंच म्हणाला.

शाहीनला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग चमचा घ्या. हाताला वास कसा लागेल?" दोघी हसल्या. पण लडकू शहाणा होता. दुसऱ्या दिवशी त्याने तिचं तोंड हुंगलं. मग शाहीनच्या दाराशी जाऊन, आत तिचा नवरा बसलेला असताना, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्या घरात भीक मागायची वेळ आलेली न्हाय. हिला पुन्हा ताट दिलंत तर मी रिकामं ताट घेऊन तुमच्या दारात बसेन." शाहीनच्या नवऱ्याने मान खाली घातली. त्यानंतर शाहीनने तिला हाक मारणं सोडलं.

हे सगळंही कमळने सोसलं असतं. पण नेत्राला सातवा सरत आला होता.

नेत्रा कल्याणला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, असं लग्नातच ठरलेलं. कमळने त्यासाठी वर्षभर आधीपासून डोक्यात सगळं मांडून ठेवलं होतं. शेकासाठी शेगडी कुठे ठेवायची, अळिवाची खीर सकाळी द्यायची का दुपारी, डिंकाचे लाडू किती लागतील. आपल्या हातून अजून एकच काम नीट व्हायचं राहिलंय, असं तिला वाटे. लेकीला गरम गरम वाढून उभं करायचं. तेवढं झालं की हा माणूस काय वाटेल ते बोलो.

तिने त्याच्याकडे विषय काढला.

"येऊ दे की," लडकू म्हणाला. "कच्चं खाईल, बाळंत होईल. शेळी बाळंत होते तेव्हा तिला कोण खीर करून घालतं?"

"अहो, ती माणूस हाय."

"म्हणूनच बिघडलीय."

नेत्राने फोनवर स्पष्टच सांगितलं. "आई, मी बाबांशी भांडायला येणार नाही. शेगडी सुरू झाली तर येते. नाहीतर सासूबाई तयारीला लागल्याच आहेत. त्या टोमणे मारतील, पण गरम तर वाढतील."

कमळने फोन ठेवला आणि कपाटाकडे बघत बसली. कुलूप फोडावं, असं मनात आलं. पण फोडून काय होणार? त्याने स्वतःहून ते उघडलं पाहिजे. त्याचं त्यालाच नकोसं झालं पाहिजे.

वालाची गोष्ट इथे सुरू होते.

तक्त्यात लिहिलं होतं, मोड आलेली कडधान्यं. कमळ मूग देत होती. लडकूला मूग नको झाले. "आजाऱ्याचं खाणं," तो म्हणाला. "आपल्यात मोड म्हटलं की वाल. माझी आई वालाचं बिरडं करायची. आपल्या मातीतली वस्तू सोडून मूग कशाला? उद्यापासून वाल."

तो काही चुकीचं बोलला नव्हता. ठाण्याच्या या भागात घरोघर मोड येतात ते वालालाच. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. लडकूनेही ते जन्मभर खाल्ले होते. फक्त ते ताटात येईपर्यंत त्यांचं काय काय होतं, हे बघायला तो चुलीपाशी कधी बसला नव्हता.

कमळ बसली होती. लहानपणी, गावाकडे, तिच्या धाकट्या भावाने सोललेल्या वालाची मूठ कच्चीच खाल्ली होती. मग दिवसभर ओकून ओकून तो पांढराफटक पडला. आईने त्याला मिठाचं पाणी पाजून वाचवलं आणि मग सगळ्या पोरांना ओळीने बसवून बजावलं की वाल उकळल्याशिवाय तोंडात टाकायचा नाही, डोकं गरगरतं, पोट उलटं होतं.

"वाल कच्चे खायचे नसतात," ती म्हणाली. "बाधतात. आमच्या घरी भावाला…"

लडकूने हात वर केला. कारखान्यात लूम थांबवायला करायचा तसा.

"तुझ्या घरी काय होतं ते मला सांगायचं न्हाय. तू खाण्यातलं आता एक अक्षर बोलायचं न्हाय. खाण्यातलं तुला कळत असतं तर मला साखर झाली असती का? सांग ना. झाली असती?"

कमळ ओटा पुसायला लागली.

"वाल म्हटलं की वाल. आणि तोंड बंद."

तिने तोंड बंद केलं. रात्री वाल भिजत घातले.

पहिल्या दिवशी तिने थोडेच वाढले, एकट्या त्याच्याच थाळीत; तिच्या हलत्या दातांना वाल चावत नसत. खोबरं, लिंबू, कोथिंबीर घालून. कडसर लागतात म्हणत त्याने खाल्ले, आणि संध्याकाळी मोरीत जाऊन ओकला. कमळ दाराशी तांब्या घेऊन उभी होती. आता हा म्हणेल, पुरे झालं. आता किल्ली सोडेल.

लडकूने तोंड धुतलं आणि वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"निघालं," तो म्हणाला. "सरांनी सांगितलं होतं ना? विष निघतंय."

कमळने तांब्या खाली ठेवला.

"बघ तरी काय काय घातलं होतंस," तो मोरीकडे बोट दाखवत म्हणाला. "तुझ्या हातचं हाय. पाणी टाक त्याच्यावर."

तिने पाणी टाकलं. खाली वाकून घासताना तिच्या मनात जे आलं, त्याने तिची तीच दचकली. बरं झालं, असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वाटी जरा मोठी भरली.

मग ते नेमानेच होऊ लागलं. दुपारी वाल, संध्याकाळी डोकेदुखी, कधी ओकारी, कधी नुसतं पडून राहणं. लडकू अंथरुणातून तलावावरच्या मित्रांना फोन करायचा. "अजून निघतंय. चाळीस वर्षांचा साठा हाय, एका दिवसात कसा रिकामा होईल?" पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. फोन ठेवल्यावर तो कमळला म्हणायचा, "विचारत होते, वहिनी अजून घरातच हाय का म्हणून."

कमळ पाय चेपायची. त्याच्या सैल पडलेल्या पोटऱ्या तिच्या हातांना लागायच्या. हा थकेल, हा हरेल, हा किल्ली देईल, असा तिने हिशेब केला होता. पण लडकू जितका खंगत गेला तितका खूश होत गेला, आणि ती जितकी वाट बघत गेली तितकी वाटी मोठी होत गेली. शेवटी शेवटी तर नेत्राच्या बाळंतपणाचा विचार सकाळी एकदा यायचा आणि विरून जायचा. वाल सोलताना मात्र तिचं चित्त लागायचं. साल सहज सुटायचं, आतून पिवळसर डाळिंबी निघायची, आणि दिवसातला तेवढा वेळ तिला कुणी काही बोलत नसे.

रविवारी नेत्रा आली. कल्याणहून रिक्षाने, एकटीच, पोटावर हात धरून. दारात बापाला बघून ती थबकली.

"बाबा, हे काय झालंय तुमचं?"

"साफ झालोय," लडकू म्हणाला. गालांची हाडं वर आली होती, उठताना त्याने भिंत धरली. "बस. आज माझ्या पद्धतीचं जेव. मग सांग, तुझ्या आईची खीर पाहिजे का."

कमळने लेकीसाठी वेगळे मूग ठेवले होते. खजूर, केळी, शेंगदाण्याचा कूट, सगळं तिने आदल्या दिवशीपासून जुळवलं होतं. तीन थाळ्या मांडल्या. वालाची वाटी एकच, लडकूच्या पुढ्यात. मुगाची वाटी नेत्राच्या. नेत्रा थाळीकडे बघून म्हणाली, "किती छान मांडलंस गं आई." कमळला वाटलं, आज ही थांबेल. आज संध्याकाळी तो ओकला की हिच्यासमोर ओकेल, आणि हीच बापाकडून किल्ली काढून घेईल.

लडकूने लेकीच्या पुढ्यातली मुगाची वाटी उचलली आणि बाजूला ठेवली. आपली वाटी तिच्यापुढे सरकवली.

"वाल खा. पोरासाठी ताकद पाहिजे. मूग काय खातेस?"

"तिला मूगच आवडतात," कमळ म्हणाली.

"तिला काय आवडतं ते तिला सांगू दे."

"अहो, मूग हायत ना तिच्यापुरते."

"मी तुला काय सांगितलं होतं? खाण्यातलं बोलायचं न्हाय." तो नेत्राकडे वळला. "खा गं. माझा मान ठेव."

नेत्राने वाद नको म्हणून चमचा भरला आणि तोंडाकडे नेला.

कमळने हात मारला. चमचा भिंतीवर आपटला, वाटी उलटली, वाल चटईवर पसरले.

मागच्या गाळ्यातल्या लूमचा आवाज तेवढा येत होता.

"आई?" नेत्रा म्हणाली.

"कच्चे बाधतात. पोटुशीला तर…"

"बाधतात म्हणजे?"

"ओकाऱ्या होतात. डोकं फिरतं."

नेत्राने बापाकडे बघितलं. बाहेर आलेली गालांची हाडं, पिवळट डोळे, भिंतीला टेकलेला हात. मग आईकडे. पतपेढीत नोकरी करणारी मुलगी होती ती, समोरच्याने एक गोष्ट सांगितली की दुसरी आपणच लावून बघायची तिला सवय होती.

"बाबा हे रोज खातात?"

"त्यांनीच मागितले."

"ते विचारत नाही मी. तुला आधीपासून माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं," कमळ म्हणाली. "एकदा. यांनी तोंड बंद कर म्हटलं."

"एकदा," नेत्रा म्हणाली. "आणि ते ओकायला लागल्यावर?"

चटईवरचे वाल कमळ एकेक करून वेचायला लागली.

"आई, ते ओकायला लागल्यावर तू काय केलंस?"

"मला वाटलं, कंटाळतील. शेगडी देतील. तुझ्यासाठीच…"

"माझं नाव नको घेऊस."

लडकू इतका वेळ दोघींकडे आळीपाळीने बघत होता. आता तो हसायला लागला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. त्याने मांडीवर थाप मारली.

"बघ," तो लेकीला म्हणाला. "मी सांगत होतो ना? विष घालते म्हणून. सगळी म्हणत होती, लडकू थट्टा करतो. तलावावर म्हणत होते, शाहीन म्हणत होती. आता बोला."

"बाबा, पुरे."

"पुरे कसं? इतकी वर्षं मी नुसतं बोलत होतो, हिने खरं करून दाखवलं." त्याने कमळकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट होतं. जन्मभर शोधत होता ती वस्तू सापडल्यासारखा तो निवांत दिसत होता. "आता मी कुणाला काय पण सांगितलं तरी तू मान वर करायची न्हायस. कळलं?"

त्याने लेंग्याची नाडी सोडून किल्ली काढली, भिंत धरत कपाटापर्यंत गेला आणि रेग्युलेटर आणून तिच्या पुढ्यात टाकला.

"लाव. भात टाक. बास झालं कच्चं. पण आजपासून आधी तू खायचं. माझ्यासमोर. मग मी."

कमळने रेग्युलेटर उचलला. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते हातात होतं. ती नेत्राकडे वळली.

"शेगडी आली," ती म्हणाली. "आता येशील ना बाळंतपणाला? मी सगळं करेन. अळीव आणून ठेवलेत. तुला काही कमी…"

नेत्रा उठत होती. एक हात चटईवर टेकून, दुसरा पोटावर. आईने आधाराला पुढे केलेला हात तिने घेतला नाही.

"सासूबाई वाढताना चार शब्द बोलतात," ती म्हणाली. "पण त्यांनी वाढलेलं मी न बघता खाते."

"मी तुला कधी…"

"माहीत आहे, आई. मला तू कधीच काही करणार नाहीस. पण मी ओली बाळंतीण पडलेली असेन, तू वाटी घेऊन येशील, आणि मी वाटीत बघेन. तू पण बघशील की मी बघतेय. ते मला नको."

तिने पर्स घेतली. बापाला म्हणाली, "डॉक्टरकडे जा. आजच." आईला काही म्हणाली नाही. दारापुढच्या पायऱ्यांवरून ती सावकाश, एकेका पायरीवर थांबत उतरत गेली. कमळ दारापर्यंत गेली, पण तिच्यामागे जायला पाय धजावेना. शाहीन आपल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. कमळची नजर गेली तशी ती आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

कमळने रेग्युलेटर लावला. तांदूळ धुतले, आधण ठेवलं. घरात कित्येक दिवसांनी भाताचा वास सुटला. लडकू भिंतीला टेकून बसला होता, तिच्या हातांवर नजर ठेवून. भात झाल्यावर तिने दोन ताटं वाढली.

"आधी तू," तो म्हणाला.

ती त्याच्यासमोर बसली आणि घास घेतला. लेक अजून रिक्षाच्या नाक्यावर उभी असेल, हे तिला दिसत होतं. घशाखाली काही उतरू नये, असं तिला वाटत होतं. पण भात गरम होता, मऊ होता, चावावा लागत नव्हता, आणि ती फार दिवसांची भुकेली होती. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. ताट रिकामं होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"वाढ आता मला," लडकू म्हणाला.